अल्बमवर छापलेला क्यूआर कोड बंद पडलाय? आधी डोमेन कोणाच्या नावावर आहे ते बघा

तुमची पोस्ट वाचली. सीडी छापून आल्या, मागच्या कव्हरवरचा क्यूआर कोड स्कॅन केला की जाहिरातींचं कुठलंतरी पान उघडतं, आणि वेबसाइट बनवणारा फोन उचलत नाही. याच दुखण्यातून मी गेलोय, म्हणून सविस्तर लिहितो. कव्हर कसं असावं, वेबसाइट कशाला हवी, हे तुम्हाला सांगायला नको.

आधी कोड स्कॅन करा, पण लिंक उघडू नका. फोनवर दिसणारा पत्ता वाचा. तो क्यूआर बनवून देणाऱ्या सेवेचा असेल तर तुमचा कोड 'डायनॅमिक' आहे, म्हणजे तो आधी त्या सेवेकडे जातो आणि तिथून तुमच्या पानावर. त्या सेवेचं सबस्क्रिप्शन संपलं की कोड मेला. पैसे भरून तो जिवंत होतोय का बघा.

पत्ता तुमच्याच डोमेनचा, म्हणजे तुमच्या वेबसाइटसाठी नोंदवलेल्या नावाचा असेल, तर आयकॅनच्या (डोमेनचे नियम ठरवणारी संस्था) लुकअप पानावर डोमेन टाका. रजिस्ट्रार (डोमेन नोंदवणारी कंपनी) कोण, मुदत कधी संपली, स्टेटस काय, सगळं दिसतं. नोंदणीची तारीख अगदी अलीकडची असेल तर डोमेन दुसऱ्याने घेतलंय, विषय संपला. नसेल तर घाई करा. डॉट कॉमसारख्या डोमेनला मुदतीनंतर रजिस्ट्रारप्रमाणे कमी-जास्त, फार तर 45 दिवस साधं रिन्यू करता येतं. मग 30 दिवस रिडेम्प्शन, म्हणजे डोमेन सोडवून घ्यायची मुदत, त्यात जादा शुल्क. शेवटचे 5 दिवस पेंडिंग डिलीट, म्हणजे डोमेन पुसलं जायच्या रांगेत, तेव्हा कोणालाच काही करता येत नाही. जाहिरातींचं पान दिसतंय म्हणजे बहुधा तुम्ही पहिल्या टप्प्यात आहात.

आता खरं दुखणं. बऱ्याचदा डोमेन वेबसाइटवाल्याने स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या नावावर घेतलेलं असतं. अशा वेळी रजिस्ट्रारच्या सपोर्टला कितीही लिहा, 'नोंदणीकृत धारकाशी संपर्क साधा' हे एकच छापील उत्तर येतं. अल्बमवर तुमचं नाव आहे, बिलं तुम्ही भरलीत, याला त्यांच्या लेखी शून्य किंमत. मला याचा अजूनही संताप येतो, पण नियम तसाच आहे: दुसरीकडे डोमेन न्यायला लागणारा ऑथ कोड मागण्याचा हक्क फक्त धारकाचा. दुसरा सापळा ईमेलचा. खात्याला त्याच डोमेनवरचा ईमेल दिलेला असेल, तर डोमेन बंद पडताच तो ईमेलही बंद, आणि पासवर्ड बदलायची लिंक कुठेच पोचत नाही. काही रजिस्ट्रार लॉगिनशिवाय कोणालाही रिन्यूचे पैसे भरू देतात. ते आधी विचारा. त्याने मालकी मिळत नाही, पण वेळ मिळतो. मग वेबसाइटवाला सापडला की त्याच रजिस्ट्रारकडे तुमच्या नावाचं खातं उघडून डोमेन त्यात हलवून घ्या. बहुतेक ठिकाणी हाच कमी कटकटीचा मार्ग.

डोमेनच्या वादासाठी तक्रारीची वाट आहे, यूडीआरपी नावाची, पण मी वकील नाही आणि तिच्यावर फार भिस्त ठेवू नका, असं माझं मत. समोरच्याचा वाईट हेतू सिद्ध करावा लागतो. 2000 साली गायिका मॅडोनाला तिच्या नावाचं डोमेन असंच मिळालं, आणि त्याच वर्षी गायक स्टिंग हरला, कारण ते नाव इंग्रजीतला रोजचा शब्द आहे.

छापून झालेल्या प्रतींना स्टिकर लावा. तो जुन्या कोडपेक्षा चारही बाजूंनी थोडा मोठा आणि पूर्ण अपारदर्शक हवा. पातळ पांढऱ्या कागदातून खालचे काळे चौकोन दिसतात आणि स्कॅन बिघडतो. प्लास्टिकच्या वेष्टनावर लावू नका, ते फाडून फेकलं जातं, डबीवरच लावा.

नवा कोड 'स्टॅटिक', म्हणजे मधे कुठलीही सेवा नसलेला करा, त्यात तुमच्या डोमेनवरचा छोटासा पत्ता टाका आणि तिथून हव्या त्या पानावर वळवा. हे वळवणं 302 प्रकारचं, म्हणजे तात्पुरतं ठेवा. 301 कायमचं समजलं जातं, ब्राउझर ते लक्षात ठेवतो, आणि पुढे तुम्ही पान बदललं तरी जुन्या श्रोत्याला जुनंच पान दिसतं. पत्ता जितका छोटा तितके कोडमधले चौकोन मोठे. बाजू किमान 20 मिमी, भोवती चार चौकोनांएवढी मोकळी जागा, गडद रंग फिकट पार्श्वभूमीवर, आणि छपाईत फक्त काळी शाई. चार रंग एकावर एक आले की जरा सरकल्यावर कडा पुसट होतात. छापखान्याच्या कागदी प्रूफवरून (नमुना छपाईवरून) दोन-तीन वेगवेगळ्या फोनने स्कॅन करून बघा, स्क्रीनवरून नको.

हेच कव्हर स्ट्रीमिंगला देत असाल तर थांबा. तिथे वेगळी फाइल लागते: 3000 × 3000 पिक्सेल, आरजीबी (स्क्रीनसाठीचे रंग), आणि त्यावर वेबसाइटचा पत्ता किंवा क्यूआर कोड नको, नाहीतर कव्हर परत येतं.

व्हिडिओच्या शेवटी पत्ता कोरू नका, असं मी ठामपणे सांगेन. यूट्यूबवर चढवलेल्या व्हिडिओची फाइल त्याच लिंकवर बदलता येत नाही. पत्ता चुकला तर व्हिडिओ नव्याने टाकावा लागतो आणि व्ह्यूज शून्यापासून. पत्ता डिस्क्रिप्शनच्या पहिल्या ओळीत, सुरुवातीच्या https:// सकट लिहा. शॉर्ट्सच्या डिस्क्रिप्शनमधली लिंक दाबता येत नाही, तिथे 'संबंधित व्हिडिओ' म्हणून मुख्य व्हिडिओ जोडा. आणि व्हिडिओसाठी गाण्याचाच आयएसआरसी (प्रत्येक रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक) वापरू नका, त्याला वेगळा घ्यावा लागतो.