सहा माणसांचे घर आणि पुण्यातली वाहतूक: मोठी डिझेल गाडी परवडेल की हायब्रिड?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरात सहा माणसे, राहायला पुण्यात, सुट्ट्यांना आणि सणावाराला कोल्हापूरला जाणे. इनोव्हा क्रिस्टासारखी मोठी डिझेल घ्यावी की टोयोटाचीच हायक्रॉस हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाबरोबर बॅटरीवरची मोटर असलेली? तुमच्या मित्राचे म्हणणे असे की मोठ्या गाडीत हायब्रिड घेण्यात अर्थ नाही. ॲव्हरेज १० चे १६ झाले तरी वाढ ६ चीच. छोट्या गाडीत २० चे २८ होते, म्हणजे ८ ने वाढते, खरा फायदा तिथेच.

मित्राचा हा हिशेब पूर्ण उलटा आहे, आणि शोरूममध्ये जाणारी दहापैकी नऊ माणसे तो असाच करतात, म्हणून आधी तोच सोडवतो.

आपण पैसे भरतो ते लिटरचे. म्हणून प्रश्न असा विचारायचा की १०० किलोमीटर जायला किती लिटर लागतात. १० च्या ॲव्हरेजला १० लिटर लागतात, १६ च्या ॲव्हरेजला सव्वासहा. वाचले पावणेचार लिटर. आता छोटी गाडी बघा: २० ला ५ लिटर, २८ ला साधारण ३.६ लिटर. वाचले जेमतेम दीड लिटर. म्हणजे ज्या गाडीत ॲव्हरेज ६ नेच वाढले, तिने अडीचपट जास्त इंधन वाचवले. गाडी जितकी खादाड, तितके तिचे ॲव्हरेज थोडेसे वाढणेही खिशाला जास्त उपयोगाचे.

हे मी नव्याने शोधलेले नाही. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठातल्या रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल यांनी २००८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात नेमके हेच दाखवले होते: मैल प्रति गॅलन या मापामुळे लोक मोठ्या गाड्यांमधली बचत कमी लेखतात आणि छोट्या गाड्यांमधली फुगवून बघतात. पुढे २०१३ च्या मॉडेलपासून तिथे नव्या गाडीच्या काचेवर लागणाऱ्या सरकारी लेबलवर १०० मैलांना किती गॅलन लागतात तो आकडाही छापायला लागले. युरोपात तर १०० किलोमीटरला किती लिटर, हेच माप चालते. आपल्याकडे मात्र अजून 'किती देते?' एवढाच प्रश्न आहे.

कराडला आमच्या घरचा ट्रॅव्हल्सचा धंदा आहे. मी पुण्यात नोकरी करत असलो तरी गाड्यांच्या इंधनाचा हिशेब माझ्याकडे असतो, आणि आता ताफ्यात डिझेल क्रिस्टाबरोबर हायब्रिडही आहे. तेव्हा पुढचे आकडे कंपनीच्या जाहिरातीतले नाहीत. टाकी फुल करायची, पंप बंद पडला की आणखी भरायचे नाही, पुढच्या वेळी तशीच फुल करून लिटर आणि किलोमीटर लिहायचे. या पद्धतीने जे निघते ते. हायक्रॉसचा चाचणीतला आकडा लिटरला २३.२४ किलोमीटर आहे. सहा माणसे, सामान आणि एसी घेऊन तो रस्त्यावर मिळत नाही. शहरात आणि हायवेला दोन्हीकडे १६ च्या आसपास धरा. डिझेल क्रिस्टा शहरात १०, हायवेला सावकाश हाकली तर १४.

भाव मार्च २०२४ नंतर पुण्यात बराच काळ होता तो धरू, पेट्रोल १०४ आणि डिझेल ९० रुपये. शहरात १०० किलोमीटरला डिझेलचे ९०० रुपये, हायब्रिडचे ६५०. हायवेला डिझेलचे साधारण ६४३, हायब्रिडचे तेच ६५०.

हा शेवटचा आकडा नीट बघा. हायवेला दोघी बरोबरीत आहेत. म्हणजे तुमच्या प्रश्नाचे उत्तर गाडीत कमी आणि तुमच्या रोजच्या रस्त्यात जास्त आहे.

असे का होते हे संध्याकाळी हिंजवडीतून वाकडच्या पुलाकडे येताना डोळ्यांनी दिसते. गाडी दहा फूट सरकते, थांबते, परत सरकते. क्रिस्टाचे इंजिन या सगळ्या वेळात चालूच. एसी लावून नुसते उभे राहिले तरी मोठे डिझेल इंजिन तासाला लिटरच्या आसपास पिऊन टाकते. स्ट्राँग हायब्रिडमध्ये, म्हणजे जिची मोटर चाके एकटी फिरवू शकते तिच्यात, त्या दहा फुटांना इंजिन लागतच नाही, मोटर गाडी ढकलते. एसीचा कॉम्प्रेसरही विजेवर असल्यामुळे इंजिन बंद असताना आत गार राहते. ब्रेक दाबला की गाडीचा वेग वीज बनून बॅटरीत परत जातो, डिझेलमध्ये तो ब्रेकच्या डिस्कवर उष्णता होऊन वाया जातो. मधेच बॅटरी उतरली की इंजिन मिनिट-दोन मिनिटे चालू होते आणि परत झोपते. डॅशबोर्डवरचे बाण बघत बसलात तर अर्धा वेळ चाके फक्त विजेवर फिरताना दिसतात.

साताऱ्याच्या पुढे मोकळ्या रस्त्याला ९० च्या वेगात यातले काहीच शिल्लक राहत नाही. ब्रेक लागत नाही, मग वीज परत कुठून येणार? तिथे लढाई हवेशी असते, आणि हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. गाडी उंच आणि रुंद असेल तर तो अडथळा मोटर कमी करू शकत नाही. आमच्या ड्रायव्हरांना मी एकच गोष्ट सांगतो, ११० ऐवजी ९० ने चला. कुठल्याही तंत्रज्ञानापेक्षा त्याने जास्त डिझेल वाचते.

घाटाबद्दल लोकांचा एक गैरसमज असतो की उतारावर हायब्रिड फुकट चार्ज होते, म्हणजे मुंबईच्या फेरीला चांदीच. लोणावळ्याहून खोपोलीला आपण साधारण साडेपाचशे मीटर खाली उतरतो. माणसांसकट दोन टनांची गाडी एवढी उतरली तर कागदावर तीन युनिट वीज मिळायला हवी. पण स्ट्राँग हायब्रिडची बॅटरी फार लहान असते. मारुती ग्रँड व्हिटारा आणि टोयोटा हायरायडर या छोट्या गाड्यांमध्ये ती पाऊण युनिटची आहे, हायक्रॉसची त्याहून मोठी असली तरी तीन युनिट मावतील एवढी नाही. त्यातही ती पूर्ण भरू किंवा रिकामी होऊ दिली जात नाही. म्हणून निम्म्या घाटातच बॅटरी भरते आणि उरलेला उतार इंजिनच्या ब्रेकवर काढावा लागतो. गिअरच्या दांड्यावर 'बी' असेल तर तो त्यासाठीच दिलेला असतो, तो वापरा.

आता पैशाचा खरा प्रश्न. डिझेलच्या तुलनेत शहरात १०० किलोमीटरला २५० रुपये वाचतात, म्हणजे वर्षाला १०,००० किलोमीटर शहरात फिरलात तर २५,००० रुपये. तुलना त्याच गाडीच्या साध्या पेट्रोलशी केलीत तर बचत मोठी दिसते: शहरात १० चे ॲव्हरेज धरले तर १०० किलोमीटरला ३९० रुपये. पण समजा हायब्रिडला साध्या पेट्रोलपेक्षा ऑन-रोड ४ लाख जास्त पडले, तर ते वसूल व्हायला शहरातले एक लाख किलोमीटर लागतात. वर्षाला २०,००० चालवणाऱ्याला पाच वर्षे, १०,००० वाल्याला दहा. टोयोटा हायब्रिडच्या बॅटरीला ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी देते, तेव्हा बॅटरीच्या भीतीने हायब्रिड सोडू नका. सोडायचीच तर कमी फिरणे होते म्हणून सोडा.

बॅटरी बनवण्यातच सगळी बचत संपते, असा एक मेसेज अजून फिरतो. त्याचे मूळ २००७ च्या सुमाराच्या एका अमेरिकन अहवालात आहे. टोयोटाच्या प्रियस या हायब्रिडपेक्षा हमर ही अवजड गाडी पर्यावरणाला स्वस्त पडते, असा दावा त्यात होता. त्यासाठी प्रियसचे आयुष्य १ लाख ९ हजार मैल आणि मोठ्या हमरचे ३ लाख ७९ हजार मैल धरले होते. प्रियस मुळात १९९७ पासून जपानच्या रस्त्यावर आहे आणि जगभर टॅक्सीवाल्यांनी ती लाखो किलोमीटर पळवली आहे. पॅसिफिक इन्स्टिट्यूट या अमेरिकन संशोधन संस्थेने तो अहवाल तेव्हाच खोडून काढला होता.

डिझेलची एक अडचण शोरूममध्ये कोणी सांगत नाही. एप्रिल २०२० पासूनच्या, बीएस-६ या प्रदूषणाच्या नियमांतल्या डिझेल गाडीला काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो स्वतःला साफ करतो काजळी जाळून, आणि त्यासाठी सायलेन्सरकडची नळी चांगली तापावी लागते. मुलांना शाळेत सोडणे, भाजी, ऑफिस, अशा तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत ती तापत नाही, फिल्टर तुंबतो आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. आमच्या गाड्या रोज लांब जातात म्हणून आम्हाला त्रास नाही. कोथरूडमध्येच फिरणाऱ्या डिझेलला होतो. शिवाय महाराष्ट्रात डिझेल गाडीला रोड टॅक्स पेट्रोलपेक्षा २ टक्के जास्त बसतो, २५ लाखांच्या गाडीवर ते ५०,००० झाले. दुसऱ्या बाजूने पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल आहे आणि इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा साधारण एक तृतीयांश कमी असते, त्याची झळ हायब्रिडला बसते, डिझेलला नाही.

करांच्या बाबतीत मला मनापासून राग येतो तो २२ सप्टेंबर २०२५ पासूनच्या जीएसटीचा. त्याआधी हायब्रिडवर सेससकट ४३ टक्के आणि मोठ्या एसयूव्हीवर ५० टक्के होते. आता दोघांवर सरसकट ४०. लिटरला १० देणारी आणि २२ देणारी गाडी सरकारच्या लेखी एकच, फक्त इलेक्ट्रिकला ५ टक्के. उत्तर प्रदेशाने जुलै २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रिडची नोंदणी करमुक्त केली होती. ज्या शहरात लोक रोज दोन तास सिग्नलवर इंधन जाळतात, तिथे हा फरक करात दिसलाच पाहिजे. ४ लाखांचे अंतर दीड-दोन लाखांवर आले, तर हा प्रश्न विचारण्याची वेळच येणार नाही.

तुमच्यासाठी माझे मत सांगतो. सहाजण आठवड्यातून दोन-तीनदा खरोखर एकत्र निघत असाल आणि वर्षाला १५,००० च्या वर, त्यातले बहुतेक शहरात, फिरणे असेल तर हायक्रॉस हायब्रिड घ्या. महिन्याला तीन-चार वेळा कोल्हापूर-बेळगाव होत असेल तर डिझेल घ्या, त्यात काही कमीपणा नाही. पण सोमवार ते शुक्रवार एकटेच ऑफिसला जाणार असाल, तर सात सीटचे ओझे रोज कशाला ओढता? हायरायडर किंवा ग्रँड व्हिटाराची स्ट्राँग हायब्रिड बघा, शहरात १०० किलोमीटरला साडेचार-पाच लिटरमध्ये काम होते. गावी जाताना भाड्याने इनोव्हा करा. हे ट्रॅव्हल्सवाला सांगतोय म्हणून शंका घेऊ नका, वर्षातल्या पाच-सहा फेऱ्यांचे भाडे आणि मोठ्या गाडीचा हप्ता शेजारी शेजारी लिहून बघा.

बिल्ल्यावर 'हायब्रिड' लिहिलेले दिसले म्हणून मात्र पैसे देऊ नका. 'माइल्ड' किंवा 'स्मार्ट' हायब्रिडमध्ये छोटी मोटर इंजिनला नुसता हात लावते, चाके एकटी फिरवत नाही. वर सांगितलेली शहरातली बचत तिच्यात नाही. टेस्ट ड्राइव्हला गेलात की ती रविवारी सकाळी घेऊ नका. मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला, तुमच्या ऑफिसच्या रस्त्यावर, घरच्यांना मागच्या रांगेत बसवून घ्या. निघताना ट्रिप मीटर शून्य करा, एसी चालू ठेवा आणि परत आल्यावर डॅशबोर्डवर दिसणाऱ्या ॲव्हरेजच्या आकड्याने १०० ला भागा. जे लिटर निघतील त्यांना त्या दिवशीच्या भावाने गुणून दोन्ही गाड्यांचे आकडे इथे टाका, पुढचा हिशेब मी करून देतो.