भाड्याच्या घराचं फर्निचर: सगळं एकदम घ्यायचं का?

प्रश्न: आम्ही दोघं पुढच्या महिन्यात दोन वर्षांच्या करारावर भाड्याच्या घरात जातोय. घर पूर्ण रिकामं आहे. मोठ्या फर्निचर शोरूममध्ये जाऊन सोफा, पलंग, गादी, दोन कपाटं, जेवणाचं टेबल-खुर्च्या, कामाचं टेबल, टीव्ही युनिट आणि पुस्तकांचं शेल्फ अशी यादी केली. सगळं खोक्यात सुटं मिळणारं, घरी जोडायचं. एकूण रक्कम आमच्या दोघांच्या हातात येणाऱ्या पगाराच्या जवळजवळ अडीच पट होते. शोरूम बिनव्याजी बारा हप्ते देतंय, रोख भरले तर ६ टक्के सूट आहे. बचत तीन पगारांएवढी आहे. माझ्या नवऱ्याची नोकरी नवी आहे, अजून कायम झालेली नाही. ओळखीचा सुतार म्हणतो, हे फर्निचर टिकत नाही, खऱ्या लाकडाचं करा, पण त्याला तिप्पट खर्च आहे. यादीच्या किमती आणि महिन्याच्या खर्चाचा हिशेब सोबत पाठवलाय. नोकरीमुळे पुढे शहर बदलेल. सध्याच्या खोलीतलं घडीचं टेबल आणि दोन खुर्च्या देऊन टाकणार आहोत. बहिणीची लहान मुलं येत-जात असतील, आणि पाहुण्यांना बसवायला काही नाही याचा संकोच वाटतो. काय करावं?

उत्तर: आधी निकाल सांगते. शोरूमचं फर्निचर घ्या, पण निम्म्याहून कमी घ्या, रोखीने घ्या आणि कपाटं मात्र तिथून घेऊ नका. हप्त्यांच्या करारावर सही करू नका.

तुम्ही पाठवलेला हिशेब सोपा करून मांडते. दोघांचा मिळून पगार १०० धरू. नव्या भाड्यासकट तुमचा महिन्याचा खर्च ७० होणार आहे, म्हणजे हातात ३० उरतील. बचत ३००, यादी २४०. दोघांपैकी एकाची नोकरी कायम झालेली नसताना तीन महिन्यांचा खर्च, म्हणजे २१०, हात न लावता बाजूला राहिलाच पाहिजे. त्यावर माझी तडजोड नाही. एक पगार थांबला तर घरमालक भाड्यासाठी थांबणार नाही. मग फर्निचरला आज उरतात ९०. ही तुमची खरी मर्यादा आहे.

तुम्ही म्हणाल, म्हणूनच तर हप्ते घेतोय, बचत तशीच राहील. हा विचार चुकीचा नाही आणि महिना २० चा हप्ता तुम्हाला झेपतोही. पण हे हप्ते फुकट नाहीत. रोखीला ६ टक्के सूट आहे, याचा अर्थ वस्तूची आजची खरी किंमत ९४ आहे आणि तुम्ही ती वर्षभरात १०० करून फेडताय. मूळ रक्कम दर महिन्याला कमी होत जाते हे धरून हिशेब केला, तर हे वर्षाला साडेअकरा टक्क्यांच्या आसपासचं कर्ज आहे. प्रोसेसिंग फी असेल तर आणखी जास्त. तुमची बचत सुरक्षित ठेवीत असेल तर ती बहुधा एवढं कमावत नाही. शिवाय हप्ते क्रेडिट कार्डावर असतील आणि एखादा चुकला, तर बिनव्याजी हा शब्द तिथेच संपतो. महिना ३ टक्के दराने थकबाकी वाढत गेली तर वर्षाचं व्याज ४२ टक्क्यांच्या वर जातं.

आता दुसरी बाजू बघा. तेच २० दर महिन्याला बाजूला काढून एकेक वस्तू घेत गेलात, तर वर्षाअखेर तुमच्या खिशातून तेवढेच गेलेले असतील. फरक एवढाच की या वाटेने तुम्ही कुठल्याही महिन्यात थांबू शकता. नवऱ्याची नोकरी डळमळली तर त्या महिन्यात शेल्फ येणार नाही, इतकंच. हप्त्यांच्या वाटेवर सोफा घरात असतो आणि फेडायचं थांबवता येत नाही. तुमच्या आजच्या परिस्थितीत ही थांबण्याची मुभा मला ६ टक्क्यांच्या सुटीपेक्षाही मोलाची वाटते, आणि रोखीने घेतल्यावर सूटही मिळतेच.

सुताराचं म्हणणं मी मनापासून तपासलं, कारण तो खोटं बोलत नाहीये. तुमच्या यादीत एका कपाटाची किंमत २५ आहे, तो ७५ मागतोय. खोक्यातलं कपाट पाच वर्षं टिकलं तर वर्षाला ५ पडतं. सुताराच्या कपाटाचा खर्च वर्षाला ५ वर यायला ते पंधरा वर्षं वापरावं लागेल. स्वतःचं घर असतं, तिथेच मुलंबाळं वाढणार असती, तर मी सुताराकडेच पाठवलं असतं. पण तुमचा करार दोन वर्षांचा आहे आणि नोकरीमुळे शहर बदलेल असं तुम्हीच लिहिलंय. दोन वर्षांनी ते ७५ चं कपाट निम्म्या किमतीला गेलं, तरी वर्षाला जवळपास १९ पडलं. खोक्यातलं कपाट दोन वर्षांनी कवडीमोलाने गेलं असं धरलं, तरी वर्षाला साडेबारा. घराच्या आणि मापाच्या हिशेबाने बनवलेली वस्तू दुसऱ्या घरात बसेलच याचीही खात्री नसते.

मग कपाट तिथून घेऊ नका असं का म्हणते? त्यासाठी हे फर्निचर स्वस्त का पडतं ते बघावं लागेल. सुटे भाग करून पाठवण्याची युक्ती जुनी आहे. फर्निचर बनवणाऱ्या मिखाएल थोनेटची १८५९ सालची १४ नंबरची खुर्ची सुटी केली की एक घनमीटरच्या खोक्यात ३६ खुर्च्यांचे भाग मावायचे. आयकिया या स्वीडिश फर्निचर कंपनीने १९५६ पासून सपाट खोक्यांची पद्धत धरली, तीही टेबल गाडीत मावेना म्हणून पाय काढल्यावर. ट्रकमधून हवा वाहून न्यायची नाही, गोदामात जागा कमी लागते, आणि शेवटची मजुरी ग्राहक स्वतः करतो. ही बचत खरी आहे आणि तिचा फायदा तुम्हाला मिळतो. दुसरी बचत मालात आहे. बहुतेक कपाटं पार्टिकल बोर्डाची असतात, म्हणजे लाकडाचा भुगा आणि कपच्या रेझिनमध्ये दाबून केलेली फळी, वर मेलामाइनचा, म्हणजे प्लास्टिकसारखा, पातळ थर. ही फळी जागेवर उभी असताना चांगलं काम करते. तिला दोन गोष्टी सोसत नाहीत: पाणी आणि परत परत उघडणं-जोडणं. खालची कड पाण्याने एकदा फुगली की वाळल्यावर पूर्ववत होत नाही. आणि स्क्रू एकदा काढून त्याच भोकात पुन्हा पिळला की त्याची पकड सैल होते, कारण आतला भुगा सुटलेला असतो.

म्हणून मी यादीतल्या प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारला: घर बदलताना हिला पूर्ण उघडावं लागेल का, आणि उघडल्यावर ही परत तशीच उभी राहील का? लोखंडी फ्रेमचा पलंग या परीक्षेत सहज पास होतो, धातूत धातूचा बोल्ट आहे, दहा वेळा खोला. पाय काढता येणारं टेबलही चालतं, फक्त पायाचा बोल्ट लाकडात बसवलेल्या धातूच्या नटमध्ये जातो का ते खाली वाकून बघा. उंच, तीन दारांचं पार्टिकल बोर्डाचं कपाट मात्र नापास. ते अख्खं जिन्यातून उतरत नाही, आणि खोललं की मिनीफिक्सची, म्हणजे फळ्या आवळून धरणाऱ्या जोड-बोल्टची, भोकं आणि बिजागऱ्यांचे स्क्रू ढिले होतात. त्याऐवजी वापरलेलं लोखंडी कपाट शोधा. गंज, कुलूप आणि तळ तपासून घ्या. ते अख्खं उचललं जातं, ओल्या फरशीला घाबरत नाही, आणि दोन वर्षांनी विकताना किमतीत फारसं नुकसान होत नाही. तेही सध्या एकच.

तर पहिल्या टप्प्यात पलंग ३०, गादी २५ आणि जुनं लोखंडी कपाट, त्याला मी फार तर १५ धरते. झाले ७०. उरलेले २० पोहोचवण्याचा खर्च, जोडणीची मजुरी आणि पडदे-दिवे अशा आयत्या वेळच्या गरजांसाठी. शोरूमच्या किमतीत पोहोचवणं आणि जोडणं बहुधा धरलेलं नसतं, तुमच्या यादीतही ते नाही. गादीवर कंजूषपणा करू नका. संपूर्ण यादीत रोज सात-आठ तास वापरली जाणारी ती एकच वस्तू आहे.

सध्याच्या खोलीतलं घडीचं टेबल आणि दोन खुर्च्या तुम्ही कुणाला तरी देऊन टाकणार आहात. नका देऊ. पहिले काही महिने जेवण आणि घरून काम दोन्ही त्यावर होईल. घरून काम खरंच रोजचं असेल तर आधी चांगली खुर्ची घ्या, टेबल नंतर. बंद होणाऱ्या किंवा जागा बदलणाऱ्या ऑफिसांमधून उत्तम खुर्च्या निम्म्याहून कमी भावात मिळतात. टीव्ही युनिट मी यादीतून काढून टाकलंय, हवं तर सहा महिन्यांनी परत घाला. माझा अनुभव असा आहे की रिकाम्या घरात दोन-तीन महिने राहिल्यावर लोकांच्या यादीतल्या बऱ्याच वस्तू आपोआप गळतात, आणि ज्या राहतात त्यांचं मापही बदलतं.

पुस्तकांच्या शेल्फबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगते, कारण तिथे पैसे वाचल्यासारखे वाटतात आणि वाया जातात. फळी तीच, जाडी तीच, पुस्तकं काठोकाठ भरलेली, आणि लांबी दुप्पट केली, तर मधला झोल साधारण सोळा पट होतो. आयकियाचं बिली हे १९७९ पासून चालत आलेलं शेल्फ ८० आणि ४० सेंटिमीटर अशा रुंदीत मिळतं. जड पुस्तकं असतील तर अरुंद घ्या. मागची पातळ पाठ शोभेची समजून ढिली ठोकू नका. तीच अख्ख्या शेल्फाला काटकोनात धरते. ती ठोकण्याआधी दोन्ही कर्ण टेपने मोजा, सारखे आले पाहिजेत. आणि लाकडी खुंट्यांना गोंद लावायचा मोह टाळा. गोंदाने जोड पक्का होतो हे खरं, पण दोन वर्षांनी उघडताना फळीच फुटते.

उंच शेल्फ किंवा ड्रॉवरचं कपाट घेतलंत तर भिंतीला पट्टी लावून आवळणं हा खर्चाचा आणि परवानगीचा विषय आहे, आधीच विचारून घ्या. २०१६ साली आयकियाने अमेरिकेत सुमारे २ कोटी ९० लाख ड्रॉवरची कपाटं परत मागवली, ती भिंतीला न आवळल्यास लहान मुलांच्या अंगावर कोसळण्याचा धोका होता म्हणून. काही मुलांचे त्यात जीव गेले होते. तुम्ही लिहिलंय की बहिणीची लहान मुलं येत-जात असतील. भिंतीला भोक पाडायला घरमालकाची लेखी परवानगी घ्या, नाहीतर अनामत रकमेतून कापून जाईल. परवानगी नसेल तर उंच वस्तू घेऊच नका, कमरेएवढं शेल्फ घ्या.

आता प्रत्यक्ष खरेदीबद्दल. अशा शोरूममध्ये वाट आखून दिलेली असते. आधी सजवलेल्या खोल्या, मग वाट्या-उशा-मेणबत्त्यांचा विभाग, आणि शेवटी गोदाम, जिथून खोकी उचलायची. सजवलेली खोली बघताना आपण सोफा बघत नसतो, तो दिवा, ती शाल, ती झाडाची कुंडी सगळं मिळून बघत असतो. म्हणून किंमत आणि माप घरी बसून वेबसाइटवर बघा, वस्तूचा नंबर आणि गोदामातली रांग लिहून घ्या, आणि तिथे फक्त हात लावून तपासायला जा: गादीवर दहा मिनिटं आडवं व्हा, ड्रॉवर पूर्ण बाहेर ओढा, टेबलाचा कोपरा धरून हलवा. निघण्याआधी दार, जिना, लिफ्ट यांची मापं घ्या आणि फरशीवर पलंगाच्या मापाची कागदी टेप चिकटवून त्याभोवती एकदा चालून बघा. परतीची मुदत किती आणि खोकं उघडल्यावर वस्तू परत घेतात का, हे बिल करण्याआधी विचारा.

विकताना एक सावधगिरी. मायकेल नॉर्टन हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात ज्यांनी आयकियाचा डबा स्वतः जोडला होता, ते त्याच डब्यासाठी तयार डबा मिळालेल्यांपेक्षा बरेच जास्त पैसे द्यायला तयार होते. तुमचंही तसंच होईल. स्वतः जोडलेल्या पलंगाला तुम्ही मनात जी किंमत लावाल ती घेणारा देणार नाही, आणि भाव धरून बसाल तर घर सोडायच्या दिवशी तो फुकट देऊन जावा लागेल. जोडणीची पुस्तिका, ॲलन की (सोबत येणारी षटकोनी चावी) आणि उरलेले स्क्रू एका पिशवीत घालून पलंगाच्या फ्रेमला बांधून ठेवा, खोलून परत जोडताना आणि विकताना दोन्ही वेळा ते लागतं.

राहिला सोफा. यादीतली सगळ्यात मोठी वस्तू, ६० ची, आणि हप्त्यांचा विषय मुळात तिच्यामुळे निघाला असावा असं मला वाटतं. पाहुण्यांना बसवायला काही नाही म्हणून तुम्हाला संकोच वाटतोय हे पत्रातून कळतं आणि ते मी हलकं समजत नाही. तोवर जाड बैठक आणि चार तक्के घ्या, २० च्या आत होईल. नवऱ्याची नोकरी कायम झाल्याचं पत्र हातात आलं की तेव्हाची शिल्लक मला कळवा. २१० शाबूत असतील आणि त्यावर ६० जमलेले असतील, तर सोफा रोखीने आणा.