मुलीच्या कॉलेजसाठी गोल्ड रेकॉर्ड? बोली 3,600 डॉलरवर थांबवा

प्रश्न: मी न्यू जर्सीत एडिसनला राहतो. कर वजा जाऊन 20,000 डॉलर बोनस मिळाला आहे. लिलावात 1970च्या दशकातला 'व्हाइट मॅट' गोल्ड रेकॉर्ड फलक (रेकॉर्डच्या मोठ्या खपाबद्दल दिला जाणारा, सोनेरी तबकडी बसवलेला सन्मानफलक) 6,000पर्यंत जाईल असं दिसतं. एक खासगी विक्रेता होलोग्रामवाले तीन फलक 5,400ला देतोय. सगळे घेऊन आठ वर्षांनी मुलीच्या कॉलेजच्या वेळी विकावेत का? महिन्याचा खर्च 5,500 आहे, शिल्लक दोन महिन्यांची आणि क्रेडिट कार्डावर 22 टक्क्यांनी 4,000 थकले आहेत.

उत्तर: कॉलेजचा खर्च या फलकांच्या भरवशावर ठेवू नका. आवड म्हणून एक फलक जरूर घ्या, पण आधी 6,000च्या बोलीचं काय होतं ते पाहा. 25 टक्के बायर्स प्रीमियम, म्हणजे लिलावगृह खरेदीदाराकडून बोलीवर घेतं ते शुल्क, धरला तर 7,500. त्यावर न्यू जर्सीचा 6.625 टक्के विक्रीकर, म्हणजे 7,997. काच सांभाळून आणण्याचे 200 धरले की खरी किंमत 8,200च्या घरात. विकताना लिलावगृहाने 15 टक्के कापले, तर तुमचेच पैसे परत यायला पुढची बोली साधारण 9,650 व्हायला हवी. आठ वर्षं दरसाल सहा टक्के भाव चढला तर तुम्ही जिथे होतात तिथेच असाल. त्यापुढे नफा झाला तर संग्रहवस्तूंवरचा दीर्घकालीन केंद्रीय कर 28 टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. 529 या शिक्षणासाठीच्या बचत खात्यातली वाढ शिक्षणासाठी वापरली तर करमुक्त राहते, आणि फी भरण्याच्या महिन्यात गिऱ्हाईक शोधावं लागत नाही.

म्हणून पहिले 4,000 कार्डावर भरा. 22 टक्के खात्रीने वाचवणारी दुसरी गुंतवणूक तुमच्यासमोर नाही. 11,000 शिल्लकीत टाकून ती चार महिन्यांची करा. उरतात 5,000. वरचाच हिशेब उलटा लावला की बोलीची कमाल मर्यादा 3,600 येते. हा आकडा लिलावाआधी कागदावर लिहून ठेवा. तो 6,000चा फलक मग सोडावा लागेल, आणि तो सोडाच.

आता वस्तूकडे वळू. आरआयएए ही अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांची संघटना खपाचं प्रमाणन करते. तिचं गोल्ड 1958पासून आहे, त्यावरची पायरी प्लॅटिनम मात्र 1976मध्ये आली. त्यामुळे 1971ची तारीख मिरवणारा 'आरआयएए प्लॅटिनम' फलक दिसला की सावध व्हा. तो फार तर रेकॉर्ड कंपनीने स्वतः बनवलेला असेल. व्हाइट मॅट म्हणजे लिननच्या पांढऱ्या कापडावर बसवलेली तबकडी, साधारण 1970च्या दशकाच्या मध्यापर्यंतची. त्यानंतर तबकडी अधांतरी दिसणारे 'फ्लोटर' आले. होलोग्राम, म्हणजे फलकावरची आरआयएएची चमकती मुद्रा, 1980च्या दशकाच्या मध्यानंतरचा. 1971च्या अल्बमच्या फलकावर होलोग्राम असेल तर तो अधिकृत असू शकतो, पण मागाहून बनवलेला, आणि त्याला त्या काळातल्या फलकाची किंमत देऊ नये. तुमच्या तीन फलकांबाबत मला हीच शंका आहे. आरआयएएच्या संकेतस्थळावर प्रमाणनाची तारीख शोधा आणि फलकाच्या शैलीशी ताडून पाहा.

लेबलवर पाच गाणी आणि तबकडीवर सहा गाण्यांचे पट्टे दिसले म्हणून फलक खोटा ठरवू नका. मुलामा चढवायला हाताशी असेल ती रेकॉर्ड वापरली जाई, त्यामुळे अस्सल फलकांतही ही तफावत सापडते. खरी गडबड फलक कोणाला दिला हे कोरलेल्या नावाच्या पट्टीत होते. एका अल्बमचे अनेक फलक निघत: कलाकाराला, निर्मात्याला, रेडिओ केंद्राला, दुकानाला. कलाकाराच्या नावाला सगळ्यात जास्त भाव, त्यामुळे पट्टी बदलण्याचा मोहही तिथेच. पट्टीच्या कडेला जुन्या गोंदाचा डाग आहे का, अक्षरांचं वळण त्या काळच्या इतर फलकांसारखं आहे का, हे मोठ्या फोटोत बघा. पाठीमागचा कागद आणि फ्रेम करणाऱ्याचं लेबल यांचेही फोटो मागा. तो कागद नवाकोरा असेल तर फ्रेम कधी आणि का उघडली, ते लेखी घ्या.

घरी आणल्यावर तबकडी निसटलेली दिसली तरी स्वतः फ्रेम उघडू नका. पाठीमागचा मूळ कागद फाटला की अस्सलपणाचा एक पुरावा गेला. उन्हाच्या भिंतीवर लावू नका, पांढरं कापड तपकिरी पडतं. घराच्या विम्यात हा फलक वेगळा नोंदवा, पावती आणि फोटो जोडून.

होलोग्रामवाल्या तिघांना या वर्षी नकार कळवा. त्या विक्रेत्याने मूळ मालकाचं लेखी पत्र दिलं, तरच एखादा पुढच्या बोनसमधून बघू.