आजी विचारतात, समुद्राचा आणि आपला काय संबंध?

प्रश्न : ताई, नमस्कार. यावल तालुक्यात आमची केळीची बाग आहे. मुलगी यंदा बारावी सायन्स झाली, गणित आणि बायॉलॉजी दोन्ही विषय होते. माझा धाकटा भाऊ सुरतला उधन्यात राहतो. दिवाळीला त्याच्याकडे गेली की ही डुमसच्या किनाऱ्यावरून उठायचं नाव घेत नाही. आता म्हणते, किनारा विज्ञान आणि सागरी व्यवस्थापन असा पदवी आणि एम.एस्सी. मिळून पाच वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम करायचा आहे. पाहुणे म्हणतात, बी.फार्म.ला टाका. तिची आजी म्हणते, "समिंदरना आन आपला काय संबंध से?" मला काळजी अशी की पोरगी पाच वर्षं अडकून पडेल का, मधेच नाही जमलं तर हातात काय राहील, आणि पुढे काम मिळतं का? बोटीवर जावं लागतं का, हेही सांगा.
– एक वडील, यावल तालुका

उत्तर : भाऊ, आजींचा प्रश्न मी चांगला ओळखते. मी तापीकाठच्या सारंगखेड्याकडची. समुद्राचं शिकायला गोव्याला निघाले तेव्हा आमच्या ओट्यावर हाच प्रश्न निघाला होता, आणि तेव्हा मला उत्तर देता आलं नव्हतं. आज देते.

पावसाळ्यात हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडले की तापीचं पाणी कसं गढूळ होऊन निघतं, ते तुम्ही दरवर्षी बघता. त्यात तुमच्या माझ्या बांधावरची माती असते. मुलताईला निघालेली ही नदी ७२४ किलोमीटर चालून डुमसजवळ समुद्राला मिळते. तुमची लेक दिवाळीत जिथे उभी राहते, तिथे तापीने आणलेला गाळ आहे. मधे थोडा गाळ हतनूरला बसतो, आणि १९७२ साली उकाई धरण झाल्यापासून बराचसा तिथे बसतो. नदीकडून येणारा गाळ आणि वाळू कमी पडली की लाटा किनाऱ्यातूनच उचलतात. म्हणजे वर पाणी अडवायचा निर्णय झाला की त्याचा हिशेब खाली किनाऱ्यावर निघतो. किनाऱ्याचा अभ्यास नदीपासून सुरू होतो, आणि ती नदी आजींच्या ओळखीची आहे. हे आजींना तिनेच समजावून सांगू द्या.

आता पाच वर्षांबद्दल. माझं मत स्पष्ट आहे : या विषयाला एकत्रित अभ्यासक्रम शोभतो, आणि त्याचं कारण वाळूत आहे. कोकणातला कुठलाही पुळणीचा किनारा घ्या. जूनमध्ये मोठ्या लाटा सुरू झाल्या की वरची वाळू ओढली जाऊन समोर पाण्याखाली जाते, किनारा उतरतो, कुठे कुठे खालचे दगड उघडे पडतात. दिवाळीनंतर समुद्र शांत झाला की तीच वाळू हळूहळू परत येते. एकदाच मोजणारा माणूस ऑगस्टमध्ये म्हणेल किनारा गेला, आणि फेब्रुवारीत म्हणेल किनारा वाढला. खरं काय ते चार-पाच पावसाळे त्याच जागी मोजल्याशिवाय कळत नाही. दोन वर्षांच्या एम.एस्सी.त प्रबंधाच्या वाट्याला जेमतेम एक पावसाळा येतो. मला तेवढाच मिळाला होता, आणि तोही मी अर्धा घालवला.

ते कसं, तेही सांगते, कारण लेकीच्या उपयोगाचं आहे. आमचं साधन साधं होतं : खुणा केलेल्या दोन काठ्या, मधे ठरावीक लांबीची दोरी, आणि नजरेला क्षितिजाची रेघ. वरून पाण्याकडे एकेक दोरी पुढे सरकायचं आणि काठीवर किती उतार पडला ते वहीत लिहायचं. मी ठरवलं, दर महिन्याच्या पाच तारखेला सकाळी नऊला मोजायचं. शेतकऱ्याची मुलगी, वेळेला पक्की. पण कधी नऊला पाणी खाली गेलेलं असे, तर कधी ते माझ्या चौथ्याच मुक्कामाला येऊन भिडलेलं असे. तीन महिन्यांच्या नोंदी अर्धवट राहिल्या, आणि त्या पुन्हा मिळणाऱ्या नव्हत्या. शेवटी जाळं विणत बसलेल्या एका म्हाताऱ्या मच्छीमाराने विचारलं, "बाय, आज तिथी काय?" मला सांगता येईना. मग त्याने हिशेब दिला : तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, अमावास्या-पुनवेला सव्वाअकरा-बारा. ओहोटी त्याच्या सहा तास मागेपुढे. अमावास्या-पुनवेच्या उधाणाला पाणी सगळ्यात वर चढतं आणि सगळ्यात खालीही जातं, म्हणून किनारा मोजायचा तर त्या दिवसांत, सकाळी सहाच्या सुमाराला. त्यानंतर माझ्या वहीच्या पहिल्या पानावर पंचांग चिकटवलेलं असे.

म्हणून प्रवेश घेण्याआधी विभागात फोन करून एक गोष्ट आवर्जून विचारा : तुमची मुलं दरवर्षी त्याच किनाऱ्यावर जाऊन मोजतात का? हो म्हणाले तर पाच वर्षं सार्थकी लागतील. वर्षातून एक सहल काढत असतील, तर तिथे पाच वर्षं घालण्यापेक्षा जळगावात बी.एस्सी. करून नंतर एम.एस्सी.ला बाहेर पडलेलं बरं.

मधेच सोडावं लागलं तर काय, ही शंका रास्त आहे. नवीन शैक्षणिक धोरणात तीन वर्षांनंतर पदवी घेऊन बाहेर पडायची सोय आहे, पण प्रत्येक अभ्यासक्रमाचे नियम वेगळे असतात. माहितीपत्रकात लेखी बघा : तीन वर्षांनी मिळणाऱ्या पदवीवर विषयाचं नाव काय असेल, आणि त्या नावावर दुसऱ्या विद्यापीठात एम.एस्सी.ला प्रवेश मिळतो का? तोंडी आश्वासनावर जाऊ नका.

आणि अगदी हाच एकत्रित अभ्यासक्रम मनासारखा मिळाला नाही म्हणून काही अडत नाही. रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, तिथली पदवी चार वर्षांची. बी.एस्सी.नंतर गोवा विद्यापीठात सागरी विज्ञान आहे, कोचीचं विद्यापीठ आहे, तमिळनाडूत परंगीपेट्टईला सागरी जीवशास्त्राचं जुनं केंद्र आहे. फक्त 'मरीन' शब्द दिसला की फॉर्म भरू नका. मरीन इंजिनिअरिंग आणि नॉटिकल सायन्स ही जहाजावरच्या नोकरीची शिक्षणं, ती वेगळी.

'व्यवस्थापन' म्हणजे ऑफिसातलं काम असं पाहुण्यांना वाटत असेल. एक उदाहरण देते. किनारा नियमन क्षेत्राचा कायदा पहिल्यांदा १९९१ साली आला, आता २०१९ची अधिसूचना चालते. समुद्राच्या भरतीरेषेपासून आत ५०० मीटरपर्यंत तो लागू होतो. पण नदीच्या मुखात तो आत कुठवर लागू? त्याची खूण मीठ आहे. वर्षातल्या सगळ्यात कोरड्या काळात नदीच्या पाण्यात दर हजारी पाच भाग क्षार जिथवर सापडतात, तिथवर भरतीचा अंमल धरायचा. (समुद्रात हे प्रमाण ३५च्या आसपास असतं.) म्हणजे मे महिन्याच्या उन्हात कुणीतरी होडीतून जाऊन पाणी मोजतं, आणि त्या आकड्यावर ठरतं की कुणाचं घर, कुणाचं कोळंबीचं तळं कायद्यात येतं. आकडा चुकला तर गरिबाचं घर अडकतं. पाटाच्या पाळीवरून होणारी भांडणं बघत वाढलेल्या पोरीला हे काम समजावून सांगावं लागणार नाही.

काम मिळतं, पण खरं सांगते, सुरुवात बहुतेकदा एक-दोन वर्षांच्या प्रकल्पावरच्या कंत्राटी नोकरीने होते. गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, मच्छीमारांना मासळीच्या जागा कळवणारी हैदराबादची संस्था, चेन्नईची किनारा संशोधन केंद्रं, आपल्या राज्याचा २०१२ साली सुरू झालेला कांदळवन कक्ष, बंदरांचे पर्यावरण अहवाल करणाऱ्या कंपन्या. डहाणूजवळ वाढवण बंदराचं काम सुरू झालं आहे, अशा ठिकाणी वर्षानुवर्षं मोजणारी माणसं लागतात. कायम नोकरी हवी तर नेट किंवा पीएच.डी.ची तयारी ठेवा. बी.फार्म.इतकी सरळ वाट नाही, हे लेकीनेही ऐकलं पाहिजे. आणि गणित सोडू नका म्हणावं, रोजचं काम संख्याशास्त्राचं आहे. नकाशांसाठी क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, आतापासून शिकता येईल.

बोटीवर जावं लागतं. लाइफ जॅकेट घालून, गटाने. पहिल्या फेऱ्यांना उलट्या होतात, पुढे सवय होते. विहिरीत पोहायला शिकली नसेल तर या सुट्टीत शिकवा.

प्रवेशाचं ठरायच्या आधी तिला एक काम द्या. पुढच्या वेळी उधन्याला जाईल तेव्हा काकांना सोबत घेऊन, किनाऱ्याच्या वरच्या बाजूलाच थांबून, अमावास्येला एकदा आणि अष्टमीला एकदा भरती किती वाजता पूर्ण झाली ते घड्याळ लावून लिहू दे. कोकणातला पाऊणपटीचा हिशेब डुमसला जसाच्या तसा लागणार नाही, कारण खंबातच्या आखातात भरती उशिरा पोचते. किती उशिरा, ते तिने काढायचं. वहीचं ते पान मासिकाच्या पत्त्यावर मला पाठवा, मी बघेन.