तांदळातला स्टार्च : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : दोन जातींचे तांदूळ सारख्याच मापाने, तेवढ्याच पाण्यात शिजवले. एकाचा भात मोकळा झाला, दुसऱ्याचा गिच्च. चिकट तांदळात स्टार्च जास्त असतो का?

उत्तर : नाही. पॉलिश केलेल्या तांदळातला ओलावा वजा केला, तर उरलेल्या वजनात साधारण ९० टक्के स्टार्चच असतो, जात कोणतीही असो. फरक आहे तो स्टार्चच्या बांधणीत. ग्लुकोजच्या साखळ्या इथे दोन प्रकारच्या असतात. अमायलोजची साखळी लांब आणि जवळजवळ बिनफांद्यांची. तिच्यात ग्लुकोज अल्फा-१,४ नावाच्या, सरळ ओळीत जोडणाऱ्या बंधाने जोडलेले असतात. अमायलोपेक्टिनमध्येही हाच बंध असतो, पण सुमारे ४-५ टक्के जोडांवर अल्फा-१,६ बंध येतो आणि तिथून फांदी फुटते. त्यामुळे हा रेणू अवाढव्य आणि दाट फांद्यांचा.

एकूण स्टार्चमध्ये अमायलोज २५ टक्क्यांहून जास्त असेल तर भात फडफडीत होतो आणि निवल्यावर कडक. २० ते २५ टक्क्यांत तो मोकळा पण मऊ, १२ ते २० मध्ये ओलसर आणि चिकटसर. मेणट, म्हणजे शिजल्यावर सर्वांत चिकट होणाऱ्या तांदळात अमायलोज जेमतेम ०-२ टक्के असते. त्याचा वाळलेला दाणाही दुधी, अपारदर्शक दिसतो. तांदूळ कितीही धुतले तरी हे प्रमाण बदलत नाही. धुण्याने फक्त दाण्यावरची पूड जाते.

प्रश्न : काही तांदूळ शिजायला फार वेळ घेतात, मधे कणी राहते. यालाही अमायलोजच कारण का?

उत्तर : अनेकांचा हा समज असतो, पण हा गुण वेगळा आहे आणि तो मुख्यतः अमायलोपेक्टिनच्या फांद्यांच्या लांबीवर ठरतो. तांदळाचा स्टार्चकण बहुकोनी आणि अगदी बारीक, ३ ते ८ मायक्रॉनचा. त्यात शेजारच्या फांद्या जोडीने पीळ घालून स्फटिकासारख्या रचलेल्या असतात. ही रचना विस्कटली की मगच कण पाणी पिऊन फुगतो. त्यासाठी लागणारे तापमान जातीनुसार ५५ ते ७९ अंश सेल्सिअस. ७० च्या खाली ते कमी मानतात, ७४ च्या वर जास्त. फांद्या लांब, तर पीळ घट्ट आणि तापमान जास्त.

उकळते पाणी याहून गरमच असते, मग कणी का राहते? दाण्याच्या गाभ्यापर्यंत पाणी पोहोचलेले नसते म्हणून. पाण्यावाचून स्टार्च त्या तापमानाला फुलत नाही. असे तांदूळ अर्धा तास भिजवा, मग मंद आचेवर झाकून शिजवा. नुसती आच वाढवली तर बाहेरचा थर फुटतो आणि आत कणी तशीच राहते.

प्रश्न : फ्रीजमधला भात टणक होतो, गरम केल्यावर मऊ होतो. असे का?

उत्तर : शिजताना सुटलेल्या साखळ्या थंडीत पुन्हा जवळ येऊन जुळतात. अमायलोज काही तासांतच जुळते, अमायलोपेक्टिनला काही दिवस लागतात. ४ अंशांच्या आसपास, म्हणजे नेमक्या फ्रीजच्या तापमानाला, ही क्रिया वेगाने होते. गरम केल्यावर अमायलोपेक्टिनची जुळणी सुटते, पण अमायलोजची १०० अंशांनाही सुटत नाही. म्हणूनच जास्त अमायलोजचा भात पहिल्यासारखा मऊ होत नाही. वाटीभर भातावर चमचाभर पाणी शिंपडून, झाकून वाफ द्या. काही दिवस ठेवायचा असेल तर उणे १८ अंशांना गोठवणे चांगले.

मात्र भात दोन तासांच्या आत थंड करून फ्रीजमध्ये ठेवा. बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही टिकतात, आणि बाहेर राहिलेल्या भातात त्यांनी तयार केलेले एक विष पुन्हा गरम करूनही जात नाही.

प्रश्न : तांदूळ मेणट आहे का, हे घरी ओळखता येईल?

उत्तर : येईल. टिंक्चर आयोडीन पाण्यात फिकट पिवळट होईपर्यंत पातळ करा. कच्चा दाणा आडवा कापून कापावर एक थेंब टाका. निळा-काळा डाग म्हणजे साधा तांदूळ, तांबूस-तपकिरी म्हणजे मेणट. द्रावण दाट असेल तर त्याचाच तपकिरी रंग फसवतो, म्हणून शेजारी माहितीतल्या साध्या तांदळाचा दाणा ठेवून तुलना करा. १५ टक्के अमायलोज की २८, हे यातून कळत नाही; दोन्ही निळेच दिसतात. गरम भातावर चाचणी करू नका, कारण उष्णतेने निळा रंग उडतो. वापरलेले दाणे टाकून द्या.