ऑरगॅनिक आणलं म्हणजे झालं का?

प्रश्न : वर्षभर घरात सगळं ऑरगॅनिकच आणतेय, खर्च बराच वाढलाय. परवा नणंद म्हणाली, ऑरगॅनिक म्हणजे शाश्वत शेती नव्हे, उगाच पैसे घालवतेस. खरंच फरक असतो का? आणि मग खायचं काय, नॉनव्हेज बंद करू का?

उत्तर : नणंदेचं अर्धं बरोबर आहे (तिला सांगू नका). सेंद्रिय म्हणजे मुख्यतः शेतात काय घालायचं नाही त्याचे नियम, रासायनिक खत नाही, कृत्रिम कीटकनाशक नाही, जीएम म्हणजे जनुकं बदललेलं बियाणं नाही, आणि ते पाळले की सर्टिफिकेट. शाश्वत शेतीचा सवाल वेगळा, की हीच जमीन आणि हेच पाणी पन्नास वर्षांनी पीक देईल का आणि तोवर शेतकरी तरी टिकेल का. बऱ्याचदा दोन्ही जुळतं, पण दरवेळी नाही.

आता मोरचूदच बघा, म्हणजे तांब्याचा क्षार. मोरचूद आणि चुन्याचं ते निळसर बोर्डो मिश्रण बुरशीसाठी सेंद्रिय शेतीतही चालतं, पण तांबं काही कुजत नाही, दर फवारणीला मातीत साठत जातं आणि गांडुळांना बाधतं, म्हणूनच युरोपियन युनियनने ७ वर्षांत हेक्टरी २८ किलोची मर्यादा घातलीये. शिवाय तणनाशक नाही म्हणून सारखी नांगरट केली तर उतारावरची माती वाहून जाते ते वेगळंच.

तरी सेंद्रियवाल्यांची पिकांची फेरपालट मला फार आवडते. कडधान्याचं रोप अलगद उपटून मुळं धुवून बघा, बारीक गाठी दिसतील, नखाने फोडली की आतून गुलाबी. त्यात रायझोबियम बॅक्टेरिया हवेतला नायट्रोजन धरून पिकाला देत असतात, म्हणजे फुकटातलं युरियाच म्हणा ना. पण शेतकऱ्याने फेरपालटीत कडधान्य घ्यायचं तर ते कुणीतरी विकत घेऊन खायलाही हवं, तर ते तुम्ही खा!

नॉनव्हेज एकदम बंद करा असं मी म्हणणार नाही, कमी मात्र करा, आणि सुरुवात रवंथ करणाऱ्या जनावरांच्या मांसापासून, कारण ती हवामान तापवणारा मिथेन वायू सोडतात आणि त्यांनी खाल्लेल्या चाऱ्यातलं फारच थोडं मांसात उतरतं. ऑरगॅनिक मटणापेक्षा साध्या दुकानातली डाळ पर्यावरणाला कितीतरी हलकी पडते, लेबल काहीही असो.

तब्येतीचं म्हणाल तर २०१२ मधे स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दोनशेच्या वर अभ्यास एकत्र तपासले, ऑरगॅनिक जास्त पौष्टिक असतं याचा ठोस पुरावा काही मिळाला नाही, कीटकनाशकाचे अंश मात्र कमी सापडले. म्हणून बजेट ताणत असेल तर सालासकट खायची फळं आणि पालेभाज्या ऑरगॅनिक आणा, बाकीचं साधं चालेल. आणि पालेभाजी लागेल तेवढीच आणा हो, फ्रीजमधे सडून कचऱ्यात गेलेली जुडी ऑरगॅनिक असली काय न् नसली काय.