मुलीचा फॉर्म आधी भरा, सर

“ताई, मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला. एका अनुदानित कॉलेजात सोळा वर्षं अर्थशास्त्र शिकवलं. लेक्चर बेसिसवरच्या सहकाऱ्यांचे पगार रखडतात, रिकाम्या जागा भरल्या जात नाहीत, म्हणून व्यवस्थापनाला पत्रं लिहीत राहिलो. आधी मेमो आले, मग चौकशी, आणि आता बडतर्फीचा आदेश. ‘वर्गात मराठीतून शिकवतात’ हाही एक आरोप होता. बायको म्हणते क्लासेस काढा. शिक्षण विकणं मला जमणार नाही. खेड्यातल्या मुलांना गोव्यातच चांगलं सरकारी उच्च शिक्षण मिळावं म्हणून एक मसुदा तयार केलाय, शिक्षणमंत्र्यांना देणार आहे. सोबत जोडतो. मुलगी बारावी झाली, तिला संख्याशास्त्रासाठी पुण्याला जायचंय. मी नको म्हटलं. माझीच मुलगी बाहेर गेली तर हा मसुदा मी कोणत्या तोंडाने देऊ? घरात अबोला आहे. आईला नोकरी गेल्याचं सांगितलेलं नाही. रोज सकाळी बॅग घेऊन पणजीला जातो आणि सेंट्रल लायब्ररीत बसतो. – एक प्राध्यापक (अजून तसंच लिहितो)”

सर, तसंच लिहीत चला. आदेशाने खुर्ची गेली, विषय तुमच्याकडेच आहे.

तुमचा मसुदा दोनदा वाचला. पहिल्यांदा वाटलं, किती पोटतिडकीने लिहिलंय. दुसऱ्यांदा वाटलं, यातली निम्मी कलमं मेमोला दिलेली उत्तरं आहेत. ‘प्राचार्यांच्या मनमानीला आळा’, ‘व्यवस्थापनातील नातलगांचा हस्तक्षेप’, ‘चौकशी समितीचा पूर्वग्रह’. हे खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण ते प्राचार्य उद्या निवृत्त झाले की ही कलमंही निवृत्त होतील. ती सगळी उचलून वकिलाच्या फाइलीत घाला, तिथे त्यांचा उपयोग आहे. मग जे उरेल तो मसुदा.

आणि जे उरतं ते फार चांगलं आहे. बसचं कलम तर मी शेजारणीलाही वाचून दाखवलं. प्रॅक्टिकल चारला संपतं, पण केरी-म्हाऊसकडच्या मुली साडेतीनलाच दप्तर आवरतात, कारण ती कदंब महामंडळाची बस चुकली की पुढच्या बसने अंधार पडतो. तीन वर्षं रोज अर्धा तास! नवं शैक्षणिक धोरण, क्रेडिट, चार वर्षांची पदवी यांवर पणजीत चर्चासत्रं झडतात, चहा-सामोसे होतात, आणि त्या मुलीचा प्रयोग टायट्रेशनच्या मध्यावर सोडलेला असतो. हे फक्त वर्गात उभं राहिलेल्या माणसालाच दिसतं. पण हे कलम तुम्ही अकराव्या क्रमांकावर टाकलंय. ते वर आणा. त्यासाठी मंत्र्यांची वाट पाहायचीही गरज नाही. कदंब महामंडळाला वेगळा अर्ज करा, पालकांच्या सह्या घ्या, पंचायतीचा ठराव जोडा. त्यात तुमच्या नोकरीबद्दल अवाक्षर नको.

मराठीचं कलमही तसंच. सत्तरीतलं पोर चौथीपर्यंत मराठीत शिकतं, पाचवीला इंग्रजीत जाऊन पडतं आणि कॉलेजात येईपर्यंत पाठांतरात तरबेज होतं. तुम्ही त्यांना मागणीची लवचिकता बांगड्यांवरून शिकवलीत. जून-जुलैत मासेमारी बंद, बांगडा महागला की कोण सुक्या मासळीवर भागवतो आणि कोण तरीही तोच घेतो. हा जर आरोप असेल तर आमच्या काळातल्या चांगल्या शिक्षकांपैकी एकही सुटायचा नाही. तेव्हा ‘पुस्तकं मराठी-कोकणीत उपलब्ध व्हावीत’ अशी सरकारकडे मागणी करण्याऐवजी पहिल्या वर्षाच्या नोट्स तुम्हीच लिहा ना. असाच बांगडा, असाच काजूचा दर, अशीच खाण बंद पडल्यावर रिकामे झालेले ट्रक. रोज लायब्ररीत बसताच आहात.

मसुद्याच्या शेवटी तुम्ही गणितज्ञ आणि इतिहासकार दामोदर कोसंबींचा दाखला दिलाय. १९६२ मध्ये मुंबईच्या टाटा संशोधन संस्थेने त्यांचा करार पुढे चालवला नाही, आणि आज त्यांच्याच नावाने गोवा सरकार विचार महोत्सव भरवतं. बरोबर आहे, पण खोडून टाका. वाचणारा लगेच म्हणेल, हे स्वतःला कोसंबी समजतात. दाखला द्यायचाच असेल तर मुलाऐवजी बापाचा द्या. गोव्यातल्या साखवाळचे, बौद्ध धर्माचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी शिकायला गोव्याबाहेर पडले. पुणे, काशी, नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेश करत पाली शिकले. पुढे कलकत्ता विद्यापीठातली नोकरी सोडून सयाजीराव गायकवाडांचे महिना पन्नास रुपये पत्करले, कारण त्यांना हे ज्ञान मराठी माणसांपर्यंत न्यायचं होतं. साखवाळलाच राहिले असते तर द्यायला त्यांच्याकडे काय असतं?

आता तुमच्या लेकीकडे वळते. तिच्याबद्दल तुम्ही जेमतेम दोन ओळी लिहिल्यात, पण घरातला अबोला तिच्यापायी आहे. सर, तिला तुमच्या मसुद्याचं परिशिष्ट करू नका. पोर्तुगिजांच्या राज्यात पणजीचं १८४२ पासूनचं मेडिकल स्कूल सोडलं तर पदवीसाठी मुंबई, पुणे, बेळगाव, धारवाडच गाठावं लागे. मुक्तीनंतर १९६२ मध्ये पहिली कॉलेजं निघाली, १९८५ मध्ये ताळगाव पठारावर विद्यापीठ आलं. तुमच्या वडिलांच्या पिढीपुढे पर्यायच नव्हता, आणि तुम्ही ज्यासाठी भांडताय तो म्हणजे हा पर्यायच. तो तुमच्या घरातल्या मुलीला नाकारून कसं चालेल? बाहेर जाण्याची सक्ती वाईट, तशी इथेच राहण्याचीही.

एक करा. तिला समोर बसवा आणि विचारा, इथे काय मिळत नाही म्हणून चाललीस? वाद घालू नका, लिहून घ्या. इथला आणि तिथला अभ्यासक्रम तिच्याबरोबर बसून वाचा. कदाचित तीच म्हणेल, बीएस्सी इथे करते आणि एमएस्सीला जाते. नाही म्हणाली तर ती जी कारणं सांगेल ती तुमच्या मसुद्यात घाला. अठरा वर्षांच्या मुलीने दिलेला तो अहवाल कुठल्याही समितीला मिळालेला नाही.

क्लासेसबद्दल मी वहिनींच्या बाजूची. घराचा हप्ता तत्त्वांना विचारून कापला जात नाही. सकाळी फी घेऊन शिकवा, संध्याकाळी ज्याला परवडत नाही त्याला फुकट शिकवा. पण लेकीचं पुणं कुठून भरणार, याचा हिशोब वहिनींना सोबत घेऊन करा. आजवर तो त्या एकट्याच करत असणार.

बडतर्फीबद्दल फार लिहीत नाही, ते वकिलाचं काम. पण आदेश हातात पडल्याची तारीख, आरोपपत्र, चौकशीचे कागद सगळं या आठवड्यात घेऊन जा. अपिलाला मुदत असते आणि ती आपला राग शांत व्हायची वाट पाहत नाही. पीएफ, ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे यांची लेखी मागणी करा. शिक्षकांना ग्रॅच्युइटीचा कायदा २००९ च्या दुरुस्तीने १९९७ पासून पूर्वलक्षी प्रभावाने लागू झाला. पैसे मागितले म्हणजे बडतर्फी मान्य केली असा अर्थ कुणी काढू नये, यासाठी त्या अर्जात काय वाक्य हवं ते वकिलाकडून लिहून घ्या. विद्यार्थी तुमच्यासाठी मोर्चा काढायचं म्हणताहेत, असं तुम्ही अभिमानाने लिहिलंय. त्यांना आजच्या आज थांबवा. त्यांचे इंटर्नलचे मार्क त्याच कॉलेजच्या हातात आहेत.

आईंना चवथीच्या आधी सांगा. गणपतीवर फळापानांची माटोळी बांधायला सगळा गोतावळा जमणार, त्यात कुणीतरी ‘मग आता काय करता?’ म्हणून विचारणार, आणि त्यांना ते पुतण्याच्या तोंडून कळेल. मला तर वाटतं त्यांना माहीत आहे. सुट्टीच्या दिवशीसुद्धा बॅग घेऊन बाहेर पडणारा मुलगा कुठल्या आईच्या लक्षात येत नाही?

आणि हो, एवढ्या लांबलचक पत्रात पुण्याच्या प्रवेशाची शेवटची तारीख कुठे दिसली नाही. ती आज रात्री जेवताना लेकीला विचारा.